लिफ्ट न लावता जिम्नीला मोठे टायर: ठाण्यात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझं माहेर मुरबाड तालुक्यात. डांबरी रस्ता सुटला की घरापर्यंत अडीच किलोमीटर कच्ची वाट, भातखाचरांच्या बांधाला लागून. जुलैत त्या वाटेवर कंपनीच्या टायरच्या खाचा चिखलाने बुजून जायच्या, टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत दिसायचा आणि फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश, जोरकस गिअर) टाकूनही गाडी आडवी सरकायची. एकदा ती खाचराच्या दिशेने हातभर घसरली तेव्हा मागच्या सीटवर आई होती. टायर बदलायचे हे मी तिथेच ठरवलं.

लिफ्ट, म्हणजे उंच स्प्रिंग टाकून गाडीचं शरीर वर उचलणं, मात्र नको होती. हीच गाडी रोज घोडबंदर रोडने कामाला नेते, हीच आईला दवाखान्यात नेते. तिला आधीच चढायला त्रास होतो. शिवाय स्प्रिंग बदलले की शॉकअप, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे कोन असं एकामागून एक सगळं बदलत जातं.

मला हे काम दोनदा करावं लागलं. पहिल्या वेळी चुकीचं माप बसवलं आणि अकरा दिवसांत उतरवलं. दुसऱ्या वेळी बसवलेल्या टायरांवर आता दुसरा पावसाळा सुरू आहे. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने लिहिते. माझी गाडी मारुतीची पाच दारांची मॅन्युअल जिम्नी आहे, त्यामुळे आकडे तिचे आहेत. रीत कुठल्याही गाडीला लागू पडेल.

१. दुकानात जाण्याआधी वहीत गणित करा

जिम्नीचं कंपनीचं माप १९५/८० आर १५. यातला १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साइडवॉलची (रिम आणि जमीन यांच्यामधल्या टायरच्या बाजूची) उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. १९५ चे ८० टक्के १५६. वरची आणि खालची साइडवॉल मिळून ३१२. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ६९३ मिलिमीटर.

आता दोन मापं शेजारी ठेवा. २१५/७५ आर १५ चा व्यास येतो ७०३.५, म्हणजे साडेदहा मिलिमीटर जास्त, दीड टक्का. २३५/७५ आर १५ चा येतो ७३३.५, म्हणजे चाळीस मिलिमीटर जास्त, जवळजवळ सहा टक्के.

बहुतेकांची पहिली चूक इथे होते. टायर चाळीस मिलिमीटरने मोठा झाला की गाडी चाळीसने उचलली जाईल असं वाटतं. उचलली जाते वीसच, कारण धुरा चाकाच्या मध्यात असतो आणि व्यासातली निम्मी वाढ धुऱ्याच्या वर जाते. वरच्या बाजूचे हेच वीस मिलिमीटर मडगार्डच्या आत जागा खातात. लिफ्ट केली तर ही जागा भरून निघते. आपण लिफ्ट करणार नाही, म्हणून जी जागा कंपनीने ठेवली आहे तेवढ्यातच भागवायचं आहे.

२१५/७५ ने गाडी फक्त पाच मिलिमीटर वर येते. मग कशाला घ्यायचा, असा प्रश्न पडेल. मलाही पडला होता. उत्तर असं, की चिखलात माझी गाडी उंचीमुळे अडत नव्हती, पकडीमुळे अडत होती. रुंद, खोल खाचांचा ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर, जास्त जाड साइडवॉल आणि गरजेप्रमाणे कमी केलेली हवा, या तीन गोष्टींनी माझं काम झालं. उंची ही त्यातली सर्वांत छोटी गोष्ट निघाली.

एक बाब मात्र टायरच्या बाजूने आहे. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग धुरा आहे, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या मध्ये धुऱ्यावरच बसलेला असतो. लिफ्ट केली तरी तो गोळा तिथेच राहतो, वर जातं ते फक्त वरचं शरीर. दगड लागतो तो बहुधा या गोळ्यालाच, आणि त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. थारवाल्यांचं पुढचं गणित वेगळं आहे: नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पुढचं डिफरन्शियल चासीला लागलेलं असतं, त्यामुळे तिथे लिफ्टने तेही वर जातं. म्हणून थारच्या मालकाचा सल्ला जिम्नीला आणि जिम्नीचा थारला तसाच्या तसा लावू नका.

२. गाडीखाली जाऊन जागा मोजा

या पायरीला एक आख्खी सकाळ द्या. साहित्य घरातलंच: जाड पुठ्ठा, कात्री, टेप, पांढरा खडू, टॉर्च, अंगाखाली घालायला जुनी चादर आणि स्टिअरिंग फिरवायला एक माणूस.

नव्या टायरच्या त्रिज्येइतका पुठ्ठ्याचा अर्धगोल कापा. चाकाच्या मध्याशी मध्य जुळवून तो टायरच्या बाहेरून धरा, म्हणजे नवा टायर मडगार्डच्या कडेपासून किती लांब राहील ते डोळ्यांना दिसेल. कागदावरचे पाच आणि वीस मिलिमीटर यातला फरक मला तेव्हाच खरा समजला.

मग खडू. सध्याच्या पुढच्या टायरच्या दोन्ही खांद्यांवर (जमिनीला टेकणारा भाग संपतो त्या कडांवर), आतल्याही आणि बाहेरच्याही, खडूचे जाड पट्टे ओढा. गाडी चालू करून अगदी हळू पुढे घ्या, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग हेच रिव्हर्समध्ये. रिव्हर्स विसरू नका, मागे येताना टायर वेगळ्या जागी घासू शकतो. खडू कुठे पुसला गेला ते बघा आणि समोर कुठल्या भागावर पांढरं लागलंय ते शोधा. कंपनीच्या टायरने पुसला जाणार नाही. मग टॉर्च मारून प्रत्येक ठिकाणी किती बोटं जागा उरते ते लिहून ठेवा. जिम्नीत तीन जागा बघायच्या: पुढच्या बंपरचा मागचा खालचा कोपरा, चाकामागचा मडफ्लॅप, आणि आतल्या बाजूला पुढच्या धुऱ्याला चासीशी जोडणारा लांब रेडियस आर्म.

तिसरी चाचणी वाकणाऱ्या सस्पेन्शनची. सपाट जमिनीवर टायर मोकळा फिरतो म्हणजे झालं असं नाही. एक चाक उंचवट्यावर चढलं की ते मडगार्डच्या आत शिरतं. आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकापाशी एक ओटा आहे. मी पुढचं डावं चाक त्यावर चढवलं आणि त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं. हे पार्किंगच्या उतारावर, लोकांच्या ये-जा करण्याच्या वेळी करू नका. खाली झोपलेला माणूस असताना गाडी बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला हवा. एवढं झाल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही.

पहिल्या खेपेला मी यातलं काहीही केलं नव्हतं. ठाण्यातल्याच एका दुकानात मला सांगितलं गेलं, "ताई, दोनशे पस्तीस सगळे टाकतात, काही होत नाही." मी विश्वास ठेवला. दुकानातून बाहेर पडताना सरळ रस्त्यावर खरंच काही झालं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी वळवताना डावीकडून खर्रर्र असा आवाज आला, कुणी पत्र्यावर विटेचा तुकडा ओढावा तसा. उतरून बघितलं तर रेडियस आर्मवरचा काळा रंग बोटभर लांब उडाला होता आणि खालचं लोखंड चकाकत होतं. टायरच्या आतल्या खांद्यावर तेवढ्याच लांबीची झिलई आली होती.

कारण साधं होतं. टायर चाळीस मिलिमीटर रुंद झाला म्हणजे वीस मिलिमीटर आतल्या बाजूला वाढला, आणि आर्म तिथेच होता. त्याहून गंभीर गोष्ट मला नंतर कळली: कंपनीचा रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ टायरसाठी किमान सहा इंचांचा रिम लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्ये फुगतो, वळणावर डुलतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा मधोमध लवकर झिजतो. २१५/७५ रिमच्या रुंदीच्या हिशोबाने साडेपाच इंचीवर बसतो.

घासण्यावर दुकानात एक उपाय सुचवला जातो: चाकामागे स्पेसर (धातूची जाड चकती) टाकून चाक बाहेर काढायचं. कृपा करून हे करू नका. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर जास्त भार येतो, टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो आणि चिखल, खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडते. घोडबंदर रोडवर पावसात मागे किती दुचाक्या असतात ते आपण रोज बघतो. मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं लाइनर गरम करून मागे दाबणं किंवा मडफ्लॅप थोडा मागे सरकवणं एवढ्यावर जे माप भागतं, तेवढंच माप घ्या. पत्रा कापावा लागत असेल तर ते माप लिफ्टशिवाय तुमच्या गाडीचं नाही.

३. इंजिनाला झेपेल का ते बघा

टायर घासतो का, हे सगळे विचारतात. गाडीला झेपेल का, हे फार थोडे विचारतात, आणि माझ्या मते हाच मुख्य प्रश्न आहे.

जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १०५ पीएस ताकद आणि १३४ न्यूटन मीटर टॉर्क देतं. मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब झाला. सहा टक्क्यांनी मोठ्या टायरवर गाडी ओढण्याची ताकद साडेपाच टक्क्यांनी कमी होते, शिवाय टायर जड. २३५ वर असताना माळशेज घाटात जिथे मी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात जायचे तिथे दुसरा टाकावा लागला, आणि गायमुखच्या चढावर रहदारीत अर्ध्या क्लचवर रांगताना क्लचचा वास आला. २१५ वर तो फरक शोधावा लागतो. कच्च्या वाटेवर चिंता नाही, तिथे फोर-लो हाताशी असतो आणि तो गिअर जवळपास दुपटीने आखूड करतो. त्रास रोजच्या रस्त्यावर होतो, आणि आपली गाडी वर्षाचे बहुतेक दिवस तिथेच असते.

ब्रेकचंही असंच आहे. जड चाक फिरवायला जेवढी ताकद लागते, थांबवायलाही तेवढीच जास्त लागते. शिवाय ऑल-टेरेन टायरचं रबर बऱ्याचदा कडक असतं, ओल्या काँक्रीटवर ते साध्या टायरइतकं पटकन धरत नाही. पहिला पाऊस पडल्यावर मी पुढच्या गाडीपासूनचं अंतर दीडपट केलं आणि ते तसंच ठेवलं आहे.

स्पीडोमीटर: मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटर जुन्याच हिशोबाने सांगतो. २३५ वर काटा ८० दाखवत असताना गाडी पूर्वीच्या ८० पेक्षा जवळजवळ पाच किलोमीटर जास्त वेगात असते. कॅमेरा काटा बघत नाही, खरा वेग बघतो. २१५ वर हा फरक ताशी एक-सव्वा किलोमीटर येतो, आणि कंपन्या काटा मुळात थोडा पुढेच ठेवत असल्याने तो त्यात मुरून जातो. तरी नाशिक हायवेवर शेजारी बसलेल्या माणसाला फोनवरचा जीपीएस वेग वाचायला सांगून एकदा पडताळा घ्या.

४. कायदा आणि विमा

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सोडून देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

जिम्नीसाठी कंपनीचं माप एकच आहे, १९५/८० आर १५. म्हणजे २१५/७५ हेसुद्धा कंपनीच्या मापाबाहेरचं आहे, हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या. "दीड टक्क्याने काय होतं" हे दुकानदाराचं वाक्य आहे, कायद्याचं नाही. मी काय केलं ते सांगते: आपल्या आरटीओत जाऊन विचारलं (ठाण्याच्या गाड्या एमएच ०४, वाशीच्या एमएच ४३, पनवेलच्या एमएच ४६, तुमची नोंद जिथे आहे तिथे विचारा), आणि टायर घेण्याच्या आधी विमा कंपनीला ईमेल करून नेमकं माप कळवलं. उत्तर लेखी मागितलं. फोनवर "हो मॅडम, चालेल" म्हणणारा माणूस क्लेमच्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसतो.

आणि हे सगळं नको असेल तर १९५/८० याच मापात चांगला ऑल-टेरेन टायर घ्या. चिखलातला निम्म्याहून जास्त फायदा त्यातच मिळतो, आणि कुणाला काहीही विचारावं लागत नाही. शहरात राहून महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्याला मी आज हाच सल्ला देईन.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- आरसी, पीयूसी आणि चालू विमा पॉलिसी
- विमा कंपनीला पाठवलेला ईमेल आणि त्यांचं उत्तर, छापील प्रत
- टायरचं जीएसटी बिल, त्यावर माप आणि पाचही टायरांचे क्रमांक
- टायरचं वॉरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासह
- बसवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो

५. टायर निवडताना काय वाचायचं

२१५/७५ आर १५ घेण्यामागे माझं एक घरगुती कारणही आहे. बोलेरोचं माप हेच आहे. मुरबाडच्या बाजारात, शहापूरला, टोकावड्याच्या नाक्यावर कुणाकडे जिम्नीचं नाव काढलं तर माणूस विचारात पडतो. बोलेरोचा टायर म्हटलं की हात लगेच रॅककडे जातो. कड फाटली आणि टायर वाया गेला, तर वेळ निभावून नेणारा टायर गावातच मिळतो. ऐन पावसाळ्यात याची किंमत मोठी आहे.

पण याच सोयीत एक खड्डा आहे. मालवाहू पिकअपसाठीचा जाड, जास्त प्लायचा (आतल्या थरांचा) टायरही याच मापात येतो. तो दिसायला दणकट असतो आणि दुकानदार तो "मजबूत" म्हणून पुढे करतो. जिम्नीचं वजन जेमतेम १२०० किलो. एवढ्या हलक्या गाडीला तो टायर दबतच नाही, खडीवर गाडी चेंडूसारखी उसळते आणि ओल्यात पकड जाते. पाऊण टन, एक टन माल नेणाऱ्या गाडीसाठीचा टायर आहे का, हे आधी विचारा.

टायरच्या अंगावर तीन गोष्टी वाचा. एक, मापाच्या पुढचा भार-क्रमांक: कंपनीच्या टायरवर ९६ आहे, म्हणजे एका टायरवर ७१० किलो. नवा त्याहून कमी नको. या मापात साधारण १०० मिळतो, म्हणजे ८०० किलो. दोन, त्यापुढचं वेगाचं अक्षर: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०. तीन, अंडाकृती चौकटीतले चार आकडे: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मला दाखवलेल्या पाचांपैकी दोन टायर दीड वर्ष जुने होते, बाकीचे तीन ताजे. मी पाचही एकाच वर्षाचे मागितले आणि दोन दिवस थांबले. एका वर्षाहून जुना टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

हो, पाच. चार नाही. जिम्नीची फोर-व्हील ड्राइव्ह पुढचे आणि मागचे धुरे एकत्र जखडते. स्टेपनी वेगळ्या व्यासाची असेल आणि पंक्चरनंतर ती लावून तुम्ही फोर-हाय (चारही चाकांची ताकद, पण नेहमीच्या वेगाचा गिअर) टाकलं, तर दोन धुऱ्यांची चाकं वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केस (दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटणारी पेटी) सोसते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलही चाकांच्या फेऱ्या मोजूनच काम करतात, तेही गोंधळतात. स्टेपनी मागच्या दारावर लावल्यावर बंपर आणि टायरमध्ये बोट जातंय ना ते बघा, आणि दार दोन-चारदा उघडून बंद करून बिजागरीचा आवाज ऐका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तो दर तपासा. भाव विचारताना बसवणावळ, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि जुन्या टायरांचे पैसे हे सगळं धरून एकच आकडा मागा. माझे जुने टायर जेमतेम झिजले होते, आणि तो संच मी विकला नाही; घरी ठेवला आहे.

६. बसवण्याच्या दिवशी

सकाळी पहिली गाडी म्हणून जा. मी वागळे इस्टेटमधल्या एका लहान गाळ्यात गेले होते. मालक स्वतः काम करतात आणि उभं राहून बघू देतात, म्हणून. दुकान निवडताना हेच विचारा: "मी शेजारी उभी राहिले तर चालेल ना?"

आधी एकच टायर, पुढचा डावा, बसवून घ्या. गाडी जॅकवरून उतरवा, पूर्ण वजन येऊ द्या, आणि खडूची चाचणी परत करा. दोन्हीकडे पूर्ण लॉक, पुढे आणि रिव्हर्स. दुकानदाराला घाई असते, तरी हे करायला लावा. एक टायर परत घेता येतो. पाच चढवून, रस्त्यावर फिरवून आणलेले कुणी परत घेत नाही. माझ्या पहिल्या संचाचे निम्मेच पैसे परत आले.

व्हॉल्व्ह नवेच टाकायला लावा, जुना व्हॉल्व्ह नव्या टायरवर ठेवणं ही खोटी बचत आहे. बॅलन्सिंगला घाई नको. सलग धुऱ्याच्या गाडीत बॅलन्सिंग थोडं जरी चुकलं तरी ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि खड्डा लागला की ती थरथर वाढते. मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य आलेलं स्वतः बघा, मगच चाक उतरवू द्या.

नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. गनने फक्त बसवायचे, आणि आवळायचे टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने. त्या मालकांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, टिक वाजली की थांबायचं. पुढे जोर लावायचा नाही." पाचही नटांची टिक मी ऐकली. गनने जास्त आवळलेला नट रात्री मुरबाडच्या वाटेवर घरच्या पान्याने सुटत नाही.

अलाइनमेंटच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा. जिम्नीच्या पुढच्या धुऱ्यावर फक्त टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात तो कोन, जुळवता येतो. कॅम्बर (चाकाचा बाजूचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) सलग धुऱ्यात ठरलेलेच असतात. कुणी "कॅम्बर आउट आहे, करून देतो, एवढे लागतील" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कंपनीच्या भागांवर ते जुळवायची सोयच नसते.

७. पहिले शंभर किलोमीटर, आणि त्यानंतरचे

नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्यावर एक गुळगुळीत थर असतो. तो जाईपर्यंत, साधारण तीनशे किलोमीटर, जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळा.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट परत टॉर्क पान्याने तपासा. माझ्या मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा बसला. तेवढंच होतं, पण ते बघितलंच पाहिजे. याच वेळी चारही चाकांच्या आत टॉर्च मारा आणि नवीन चकाकी कुठे आली आहे का ते शोधा.

मग गाडी भरा. चार माणसं, सामान, स्टेपनी. रिकाम्या गाडीला न घासणारा टायर भरलेल्या गाडीला खड्ड्यात घासू शकतो. माजिवड्याच्या उड्डाणपुलाखालचे खड्डे याला पुरेसे आहेत.

सराव करायला येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर गाडी नेऊ नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि नदीच्या पात्रात, वनजमिनीवर चाकं फिरवल्याने तिथल्या मातीचं जे होतं ते परत भरून येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घ्या, त्याच्या पडीक जमिनीवर एक सकाळ पुरते.

८. हवा

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त उपयोगाची गोष्ट शेवटी आली. रस्त्यावर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. महिन्याभराने पट्टा बघा: मधोमध जास्त झिजत असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडांना झिजत असेल तर कमी. थंड टायरवरच मोजा, आणि पेट्रोलपंपाच्या मीटरवर विसंबू नका. छोटा चांगला गेज स्वतःचा ठेवा.

चिखलाला लागायच्या आधी मी बांधाच्या तोंडाशी थांबते आणि चारही चाकं १८ पीएसआयवर आणते. टायर पसरतो, जमिनीला जास्त जागा धरतो, आणि ज्या वळणावर गाडी घसरली होती तिथून ती सरळ निघते. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायरची कड रिमवरून निसटू शकते. कमी हवेवर वेग वीसच्या आत. आणि डांबर लागलं की तिथेच, घरी पोहोचून नव्हे, हवा परत भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. चार टायरांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. माझा मुलगा तेवढ्यात आजीने दिलेली काकडी खाऊन संपवतो.

९. पाचही टायर फिरवत राहा

दर आठ हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदला आणि स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्या. स्टेपनी दारावर नवीच्या नवी राहिली आणि बाकीचे चार झिजले, तर व्यासात फरक पडतो आणि फोर-व्हीलचा तो ताण परत येतो. मी डायरीत पाच टायरांना क ते ङ अशी अक्षरं दिली आहेत. प्रत्येक वेळी जागा आणि खाचेची खोली लिहिते. खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. चिखलासाठी मी तो चार मिलिमीटरलाच संपला असं धरते. गेल्या महिन्याची नोंद: क पुढे डावीकडे, आठ मिलिमीटर, ङ, म्हणजे जुनी स्टेपनी, मागे उजवीकडे, साडेआठ. पुढची फेरी दिवाळीला गावी जाण्याआधी.